आचाऱ्यांना की आचार्यांना?

परवा दुपारी भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, अनारशांच्या पानावर लिहिलंय 'आपल्या वाटीने तीन वाट्या'. आपली वाटी म्हणजे कुठली?"

मी म्हटलं, "अगं, ते आठवणींच्या भागात सांगितलंय ना अक्काने. महाडहून नेलेली पितळी वाटी." आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, तिच्याकडे आठवणींचा भाग नाहीच. भाच्याने अक्काच्या पुस्तिकेचे तीन तुकडे केले आहेत: पाककृती, आठवणी आणि ओव्या-गाणी. पाककृती तेवढ्या महिन्यापूर्वी सगळ्यांना पाठवून झाल्या. बाकीचे दोन भाग अजून माझ्याकडे तपासायला पडले आहेत.

आता हे तुकडे का झाले ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. वाचणाऱ्यांतले निम्मे घरचेच आहेत, त्यांनी थोडं सहन करावं. उरलेल्यांत जाणकार मंडळी आहेत. मी मराठी माध्यमातून बीए झालेली शाळामास्तरीण, तेव्हा संगणकाच्या बाबतीत माझं कुठे चुकलं तर कान धरावा.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. माहेर महाडचं, १९५७ साली लग्न होऊन ती घाटावर भोरच्या बाजूला गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते. पुढे तिची मुलं मोठी झाल्यावर तिने दोन जाड वह्या भरून काढल्या. पदार्थ, जात्यावरच्या ओव्या, लग्नातल्या गमती, वरंध घाटातून माहेरी येण्याजाण्याच्या आठवणी, सगळं एकात एक. मी निवृत्त झाल्यावर ते टंकायला घेतलं. संगणक मला तिच्या मुलानेच शिकवला. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन वर्षं लागली. २०१२ च्या दिवाळीत आम्ही घरच्यांपुरत्या साठ प्रती छापून घेतल्या.

गठ्ठा घरी आला. अक्काने पहिली प्रत उघडली, चष्मा नाकावर घेतला, आणि दोन मिनिटांनी मला विचारलं, "आबांनी कोणाला मांडवाबाहेर काढलं म्हणतेस?"

वहीत होतं: आबांनी आचाऱ्यांना मांडवाबाहेर काढलं. जेवण खारट झालं होतं, आणि आबा तापट होते. छापलं होतं: आबांनी आचार्यांना मांडवाबाहेर काढलं. आमचे भावोजी संस्कृतचे शिक्षक! त्या बाजूच्या मंडळींत दोघे-तिघे तरी 'आचार्य' म्हणवून घेणारे. अक्का हसून हसून रडली. पण पुढची पानं उलटत गेली तसं हसू ओसरलं. वऱ्हाडाचं वर्हाड झालेलं. पुऱ्या, भाकऱ्या, कैऱ्या, साऱ्यांच्या डोक्यावर रफार. आणि घाटातल्या दऱ्यांचा झालेला दर्या.

चौतीस वर्षं मी मुलांना फळ्यावर हे दोन शब्द लिहून दाखवले असतील. आचार्यांना, आचाऱ्यांना. एकाच्या डोक्यावर र, दुसऱ्याच्या पोटात. मराठीत हा भेद नुसता लिहिण्याचा नाही, उच्चाराचा आणि अर्थाचाही आहे. आणि माझ्याच हातून निघालेल्या पुस्तिकेत एकशे बारा ठिकाणी तो पुसला गेला होता. मोजले मी. एका प्रतीत एकशे बारा, प्रती साठ.

अक्काने शाईचं पेन मागितलं. रोज दुपारी जेवण झालं की ती खिडकीशी बसायची आणि प्रत्येक रफार खोडून खाली ती छोटी आडवी रेघ द्यायची. हात थरथरायचा. मी म्हणायची, "अक्का, घरचीच माणसं आहेत, समजून घेतील." ती म्हणायची, "समजून घेतील, पण पोरं तसंच लिहायला शिकतील." महिनाभर चाललं ते.

चूक कोणाची? मी तर बरोबर टंकलं होतं. माझ्या पडद्यावर बरोबर दिसत होतं. मजकूर छापखान्यातल्या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये गेला आणि तिथे बिघडला. पानं लावून आल्यावर मी मुद्रितं वाचली होती, पण डोळ्यांना जे अपेक्षित असतं तेच दिसतं. अर्धा दोष माझा.

भाच्याने मला तेव्हा समजावलं ते असं. पूर्वी खिळे जुळवून छापायचे तेव्हा कंपोझिटरने खिळा उचलून बसवला की अक्षर ठरलं. संगणकात अक्षर तसं साठवलेलं नसतं. साठवलेले असतात नुसते क्रमांक: र, मग हलन्त, मग य. तेवढ्यावर रफार द्यायचा, असा नियम. पोटातला र हवा तर दोन वाटा. एक, र च्या जागी नुक्त्याचा ऱ घालायचा. दुसरी जुनी वाट, र आणि हलन्तानंतर एक न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालायचं. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. मी दुसऱ्या वाटेने गेले होते. या क्रमांकांवरून डोळ्यांना दिसणारं अक्षर घडवण्याचं काम प्रोग्रॅमच्या आतला एक लहानसा भाग करतो. छापखान्याच्या प्रोग्रॅममधल्या त्या भागाने न दिसणारं चिन्ह गाळून टाकलं. उरलं र-हलन्त-य. झाले आचार्य.

"मग तो एक भाग दुरुस्त करा ना," मी म्हटलं.

"मावशी, तो एक नाहीये. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात आपापला वेगळा आहे."

इथे माझं कुतूहल जागं झालं. सतरा ठिकाणी सतरा आचारी, प्रत्येकाचं मीठ वेगळं. ब्राउझरमध्ये शब्द बरोबर, लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये बरा, पानं लावताना चूक. आणि एकाने सुधारलं तरी शेजारच्याला पत्ता नाही.

हे बदलायला त्याच सुमारास सुरुवात झाली होती, हे मला नंतर कळलं. त्याचं नाव हार्फबझ. अक्षर घडवणाऱ्या कोडचा मूळ तुकडा फ्रीटाइप नावाच्या प्रकल्पातला. तो पँगो आणि क्यूटी या दोघांनी आपापल्या घरी नेला, आणि दोन भावांच्या शेतीसारखं दोघांचं निराळं होत गेलं. पुढे ते एकत्र आणून, नव्याने लिहून, स्वतंत्र मॉड्यूल म्हणून द्यायचं ठरलं. कोणत्याही एका प्रोग्रॅमच्या मागे न फरफटता त्याच्या आवृत्त्या त्याच्या तो काढेल, ज्याला हवं त्याने घ्यावं. हे काम मुख्यतः ज्याने केलं तो बेहदाद एस्फाहबोद इराणात जन्मलेला आहे. फारसी लिपीतही अक्षरं शेजार बघून रूप बदलतात, तेव्हा मोडक्या अक्षरांचं दुःख त्याला सांगावं लागलं नसणार. नावसुद्धा फारसीच: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. ओपनटाइपचं केलेलं भाषांतर! मला हे फार आवडलं.

त्याने देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द आपल्या मॉड्यूलमधून काढून मायक्रोसॉफ्टच्या शब्दजुळणीशी एकेक ताडून पाहिले, आणि फरक मूठभर उरेपर्यंत तो दुरुस्त करत राहिला. पेन घेऊन खिडकीशी बसलेली अक्का मला त्यात दिसते. असो.

आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, झीटेक ही सगळी मंडळी तेच मॉड्यूल वापरतात. लिबरऑफिसने २०१७ च्या फेब्रुवारीत, ५.३ आवृत्तीपासून, विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, सगळीकडे तेच घेतलं.

पण मला घाई होती. २०१४ मध्येच मी ठरवलं, हे हार्फबझ आपणच आपल्या लिनक्सवर आणून बसवायचं. सोर्स कोड उघडा आहे म्हणतात ना, मग मी का नाही? भाचा तेव्हा कामासाठी परदेशी होता. त्याने पत्रात तीन शब्द लिहून पाठवले: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. या क्रमाने दे, होईल.

पहिला शब्द दिला. पडद्यावर ओळींमागून ओळी: अमुक आहे का, आहे. तमुक आहे का, नाही. हे म्हणजे ऑटोटूल्स. लग्नघरात आचारी आला की आधी भांडी मोजतो, पातेली किती, झारे किती, पाणी कुठून, तसा हा तपास. १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ निघालं ते याचसाठी, की जगातल्या शंभर तऱ्हेच्या संगणकांवर एकाच कोडची बांधणी करता यावी. माझ्याकडे दोन-तीन भांडी नव्हती. त्याने कुरकुर केली नाही, नसलेल्याशिवाय बांधून टाकलं. दुसरा शब्द, तिसरा शब्द. सगळं झालं म्हणून सांगितलं. मी आनंदाने पुस्तिका उघडली.

काही फरक नाही. तीन दिवस मी तेच तेच करत होते. शेवटी कळलं, नवं हार्फबझ एका कप्प्यात जाऊन बसलं होतं आणि लेखनाचा प्रोग्रॅम आपल्या पोटातली जुनीच सामग्री वापरत होता. म्हणजे मॉड्यूल स्वतंत्र झालं तरी ज्याने त्याची प्रत पोटात घातली आहे त्याच्यापर्यंत सुधारणा आपोआप पोचत नाही. त्याने ओकून नवी गिळावी लागते. माफ करा, पण हीच उपमा बरोबर आहे.

भाचा परत आल्यावर मी त्याच्याशी भांडले. "हे बिल्ड टूल वापरणाऱ्याच्या काय कामाचं रे?"

"वापरणाऱ्याच्या नाहीच मावशी. बांधणाऱ्याच्या कामाचं."

"मग वापरणाऱ्याला सांगता कशाला, घ्या नि बांधा म्हणून?"

"पूर्वी वापरणारे नि बांधणारे एकच होते. आता मधे लोक आहेत. डेबियनसारख्या ठिकाणी कितीतरी स्वयंसेवक बसून प्रत्येक मॉड्यूल बांधतात, एकमेकांशी जुळवून बघतात, मग तुझ्याकडे पाठवतात. एका मॉड्यूलची प्रत दुसऱ्याच्या पोटात राहू नये, असाच त्यांचा आग्रह असतो."

"म्हणजे दुकानदार."

"पैसे घेत नाहीत. वाढपी म्हण."

वाढपी! पटलं मला. पंगतीत बसलेल्याला झारे किती याच्याशी काय करायचंय?

त्याने मग एक्स विंडोची गोष्ट सांगितली. लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या काढणारं हे प्रचंड सॉफ्टवेअर, वर्षानुवर्षं एकच अखंड गाठोडं. एका ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सुधारला तरी संपूर्ण गाठोडं पुन्हा निघेपर्यंत थांबा. त्याची बांधणी आयमेक नावाच्या जुन्या साधनाने व्हायची, आणि ते हाताळायला बसणारी माणसं कमी होत चाललेली. २१ डिसेंबर २००५ ला त्यांनी एकाच दिवशी दोन आवृत्त्या काढल्या: ६.९ आणि ७.०. गंमत अशी की दोन्हींत कोड एकच. ६.९ म्हणजे जुनं गाठोडं, आयमेकसकट. ७.० म्हणजे त्याचेच शेकडो सुटे भाग, ऑटोटूल्सने बांधायचे. त्यानंतर गाठोडं बंद.

मी विचारलं, "पडद्यावर त्या दिवशी काय वेगळं दिसलं?"

"काहीच नाही. त्या दिवशी काहीच नाही. बांधणाऱ्यांना उलट त्रास झाला, एका बोचक्याऐवजी शेकडो पुड्या. आणि कोणती पुडी कोणत्या आवृत्तीबरोबर चालते हे सांभाळायचं ओझं आलं. पण पुढे ड्रायव्हर लिहिणारा आपला ड्रायव्हर तयार होईल तेव्हा देऊ लागला."

मला वाटतं, सुट्या मॉड्यूलचा फायदा वापरणाऱ्याला असाच होतो: उशिरा, आणि नकळत. माझ्या बाबतीतही तेच झालं. अक्का २०१७ च्या ऑगस्टमध्ये गेली. पुढच्या वर्षी दिवाळीत आम्ही सगळे पुण्याला जमलो होतो, तेव्हा भाच्याने त्याच्या विंडोजच्या संगणकावर पुस्तिकेची ती जुनी फाइल उघडली. मी टंकलेली, २०१२ ची, एकही अक्षर न बदललेली. लिबरऑफिसमध्ये ती उघडली आणि आबांनी आचाऱ्यांना मांडवाबाहेर काढलं. वऱ्हाड, पुऱ्या, भाकऱ्या, एकशे बाराच्या एकशे बारा जागी पोटात रेघ. मी तीन दिवस डोकं फोडून जे झालं नव्हतं ते कोणीतरी, कुठेतरी, मला न विचारता करून ठेवलं होतं. मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

वाढप्यांवर मात्र विश्वास टाकावा लागतो, आणि २०२४ मध्ये तो हादरला. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं मॉड्यूल आहे, कितीतरी ठिकाणी वापरलं जाणारं. त्याचा सांभाळ बरीच वर्षं एकच माणूस फावल्या वेळात करत होता. दोनेक वर्षं मदतीचा हात देत देत एका अनोळखी व्यक्तीने त्याचा विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. तो सुरू करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. वाटायला काढलेल्या गाठोड्यातल्या बांधणीच्या फायलींत होती, त्या भांडी मोजणाऱ्या यादीत! ती यादी इतकी लांब आणि किचकट असते की कोणी वाचत नाही. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला आपल्या संगणकावर लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने माग काढला, आणि २९ मार्च २०२४ ला ते जगाला सांगितलं. बहुतेक संगणकांवर पोचण्याआधीच सापडलं. अर्धा सेकंद! मी तर लॉग-इन होईपर्यंत चहा टाकून येते.

भाचा या प्रकारानंतर म्हणू लागला की बांधणीचं साधन कमी हुशार आणि जास्त वाचनीय असावं. बरोबर आहे त्याचं. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. सगळं जग ज्या मॉड्यूलवर उभं, ते सांभाळणारा एकटा माणूस. सुटं करताना प्रत्येक सुट्या भागाला घरचं माणूस लागतं, हे कोणी मोजलंच नव्हतं.

आता पुन्हा आमच्या पुस्तिकेकडे. दुसरी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा भाचा म्हणाला, एकत्र नको, तीन भाग करू. पाककृतींत काही सुधारलं तर तेवढाच भाग नव्याने पाठवता येईल, ओव्यांसाठी थांबायला नको. मला कुरबूर करावीशी वाटली. अक्काच्या वहीत अनारसे आणि त्या वर्षीचा पाऊस एकाच पानावर आहेत. पण खरं सांगायचं तर माझ्यामुळेच सगळं अडलं होतं. ओव्यांच्या पाठांवर मी चार वर्षं बसले आहे, आणि तोवर मुलींना भाकऱ्यासुद्धा मिळेनात. म्हणून हो म्हटलं. पाककृती गेल्या, मुलींनी अनारसे केले, फोटो आले. एकत्र ठेवण्याचा हट्ट धरला असता तर ही दिवाळीही गेली असती.

आणि वाटी राहिली मागे, दुसऱ्या भागात. मी नि भाचा दोघांनी वाचूनही आमच्या लक्षात आलं नाही. भाच्याला फोन करून सांगितलं तर म्हणतो कसा, "मावशी, ह्याला डिपेंडन्सी म्हणतात." मी म्हटलं, "आमच्यात वाटी म्हणतात." ती वाटी आता माझ्याकडे आहे. औषधाच्या मापाने पाणी भरून पाहिलं, काठोकाठ एकशे साठ मिलिलिटर भरलं. तांदूळ किती मावतात तेही मोजून कळवते. पाककृतींच्या भागाची सुधारून नवी प्रत येत्या आठवड्यात सगळ्यांना जाईल.

आठवणींचा भाग मात्र मी अजून पाठवलेला नाही, आणि त्याचं कारण कोणा मॉड्यूलमध्ये नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा घाट चढून गेल्याची आठवण आहे. पहाटेची वेळ, गाडी घाटमाथ्यावर थांबली, अक्का खाली उतरली. पुढचं वाक्य मी असं टंकलं आहे: 'खाली पाहते तो दऱ्या.' आणि त्याच्यापुढे धुक्याचं वर्णन. २०१२ च्या छापील प्रतीत इथेही चुकून 'दर्या' झालं होतं. परवा तपासताना माझ्याकडची प्रत काढली, अक्काने शाईने सुधारलेली. एकशे अकरा जागी तिची रेघ आहे. या एका जागी नाही.

नजरचूक असेल म्हणून भाच्याकडची प्रत मागवली. तिथेही नाही. पुतणीच्या प्रतीत नाही. आतापर्यंत नऊ प्रती पाहिल्या, नऊंतही तो दर्या तसाच ठेवलेला. महाडची मुलगी, धुक्याने काठोकाठ भरलेली दरी पाहून तिला समुद्र आठवला असेल? की मीच वही वाचताना चुकले, आणि यंत्राने अनवधानाने बरोबर छापलं?

वही काढून पाहिली. त्या पानाला कधीतरी पाणी लागलंय. र दिसतो, य दिसतो. रेघ वर आहे की खाली, भिंग लावूनही कळत नाही. संगणक मी सांगेन तसं छापून देईल, आता त्याच्याकडून चूक व्हायची नाही. पुतण्या-भाच्यांपैकी ज्यांच्याकडे जुनी प्रत असेल त्यांनी पान एकतीस उघडून, खालून चौथ्या ओळीचा फोटो मला पाठवावा.